काळा घोडा महोत्सवात चित्रविक्री: अनुभव हवे आहेत

प्रश्न (पुणे): फेब्रुवारीत मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात जलरंगातील चित्रे विक्रीस ठेवावीत, असा माझा विचार आहे. आजवर मी केवळ बंदिस्त दालनांत प्रदर्शने केली आहेत. उघड्यावर, इतक्या गर्दीत कोणत्या आकाराची चित्रे न्यावीत आणि ती कशी सांभाळावीत, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (डोंबिवली): १९९९ पासून भरणाऱ्या या महोत्सवाला प्रवेशशुल्क नसल्यामुळे गर्दी उदंड होते, परंतु पाहणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. त्यांतही बहुतेकांना लोकलने परतायचे असते, त्यामुळे चित्र मनापासून आवडले तरी काचेची मोठी फ्रेम पाहून माणसे हात आखडता घेतात. जाड पुठ्ठ्यावर माउंट करून पारदर्शक पाकिटात घातलेली ए४ आकाराची चित्रे अवश्य ठेवा. मोठी चित्रे दोन-तीनच लावावीत, कारण लोक थांबतात ते त्यांच्यामुळेच.

उत्तर २ (नाशिक): वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. एका मैदानी प्रदर्शनात दुपारी चित्रे टांगलेली माझी उभी जाळी आडवी झाली, काच फुटली आणि तिची कपची घाटाच्या चित्रातील पाण्यावर तिरकी ओरखडत गेली. महिन्याभराची मेहनत वाया गेली. तेव्हापासून मी काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक वापरतो आणि जाळीच्या पायांना वाळूच्या पिशव्या बांधतो. अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग वापरलेली चित्रे उन्हात मुळीच लावू नयेत, तो रंग उडतो.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. घासाघीस करणाऱ्यांना काय सांगावे?

उत्तर १: किंमत चित्रामागे लिहून ठेवा आणि पहिल्या दिवशी ती उतरवू नका.