मदत हवी आहे : स्कॉटलंडमधील मोटारप्रवास, सोबत वयस्कर आई-बाबा

सर्वांना नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरचे चौघे, म्हणजे आई-बाबा, पत्नी आणि मी, मे महिन्याच्या उत्तरार्धात एडिंबराहून भाड्याची गाडी घेऊन स्टर्लिंग, ग्लेनको आणि फोर्ट विल्यममार्गे स्काय बेटावर जाणार असून, परतताना इन्व्हरनेसजवळची कलोडनची रणभूमी पाहण्याचा विचार आहे. १७४६ साली जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, सैन्याचा पराभव तिथे झाला आणि बाबांना इतिहासाची मनापासून ओढ असल्यामुळे ते ठिकाण गाळायचे नाही.

गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असल्याने तेवढी चिंता नाही. आपला वाहन परवानाही तिथे पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत चालतो. खरी धास्ती आहे ती स्कायवरील एकपदरी रस्त्यांची. समोरून वाहन आले, की डावीकडच्या रुंद जागेत शिरायचे आणि तशी जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, हा नियम वाचला आहे. परंतु मागे लांबवर वाहनांची रांग असताना हे कितपत जमते, हे प्रत्यक्ष गाडी चालवलेल्यांनी कृपया सांगावे.

आईचे गुडघे दुखतात. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर नेता येते, तशी स्टर्लिंगच्या किल्ल्यावर नेता येते का, आणि आत चढ-उतार किती आहे? तसेच ग्लेनकोच्या दरीत फार न चालता डोंगर नीट दिसतील असे गाडी थांबवण्याचे ठिकाण कोणते? मुक्काम फोर्ट विल्यमला करावा की थेट स्कायवरील पोर्ट्री गावी, याविषयीही आपले मत हवे आहे.