ठिबकच्या टोकाला केळीला पाणी कमी पडतं, ॲसिड किती सोडावं?

प्रश्न (यावल तालुका): टिश्यूकल्चर केळी, ६×५ फूट. नळी १६ मिमी, इनलाइन (नळीच्या आतच बसवलेले) ड्रीपर ताशी ४ लिटरचे, ६० सेंमीवर. ओळ १०० मीटर, सबमेन (ओळींच्या नळ्यांना पाणी देणारा पाइप) एका बांधाला, जमीन सपाट. टोकाची झाडं पिवळी. ट्यूबवेलचं पाणी जड, ड्रीपरवर पांढरा थर आहे. ॲसिडची मात्रा सांगा.

उत्तर १: भाऊ, आधी मोजा. ओळीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि टोकाला, प्रत्येक ठिकाणी शेजारशेजारच्या तीन ड्रीपरखाली डबे ठेवा. ४ लिटरचा ड्रीपर १५ मिनिटांत १ लिटर देतो. शेजारच्या ड्रीपरांतच मोठा फरक आला तर क्षार. फरक नसेल आणि टोकाकडे पाणी हळूहळू घटत असेल, तर प्रेशर.

प्रश्नकर्ता: सुरुवातीला ९९० मिली, मध्यावर ८००, टोकाला ७६०. शेजारचे सारखेच भरले.

उत्तर १: मग दोष नळीच्या लांबीचा. १०० मीटरवर १६७ ड्रीपर, म्हणजे तासाला ६६७ लिटर. १६ मिमीला ते झेपत नाही. टोकाच्या झाडाला २० लिटर पोचवायचे तर सुरुवातीच्या झाडाला २६ द्यावे लागतात, आणि त्या जादा पाण्यासोबत युरियाही मुळांखाली जातो. यावल-रावेरला ट्यूबवेल दरवर्षी खोल चालल्यात, तिथे हे परवडणारं नाही. सबमेन शेताच्या मधोमध घ्या, दोन्हीकडे ५०-५० मीटर. एकूण पाणी तेवढंच, त्यामुळे पंप बदलायला नको. उतार असता तर सबमेन चढाच्या बाजूला सरकवली असती. २ लिटरचे ड्रीपर हाही मार्ग आहे, पण त्यांचं छिद्र बारीक. जड पाण्यात ते लवकर बुजतात, मी तरी सुचवणार नाही.

उत्तर २: वरचं पटलं, पण थर आहे तर ॲसिडही लागेल, सबमेन बदलून झाल्यावर. मात्रा प्रत्येक पाण्याला वेगळी. १० लिटर पाण्यात थोडं थोडं हायड्रोक्लोरिक टाकत पीएच पेपरवर सामू (पीएच) ४ येईपर्यंत मोजा, त्यावरून व्हेंच्युरीचा (ॲसिड ओढून ठिबकच्या पाण्यात सोडणारं साधन) हिशोब करा. टोकाच्या ड्रीपरला सामू ४ दिसला की बंद करून २४ तास ठेवा. मग आधी सबमेन फ्लश करा, नंतर नळ्यांची टोकं चार-पाच करून उघडा. सगळी एकदम उघडली तर जोर राहत नाही, सुटलेला क्षार आतच बसतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा घाला. शेवाळासाठी ब्लीचिंग सोडत असाल तर त्या दिवशी ॲसिड नको, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो.