मदत हवी आहे: मोफत सायकल योजनेत अनामत घ्यावी की ओळख नोंदवावी?

नमस्कार. मोठ्या शहरातील मोफत सार्वजनिक सायकल योजनेवर मी एक टिपण तयार करत असून एका मुद्द्यावर अडलो आहे. जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

१९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील ‘प्रोव्हो’ या आंदोलक तरुणांच्या गटाने बिनकुलपाच्या पांढऱ्या सायकली रस्त्यावर ठेवल्या, तेव्हा पोलिसांनीच त्या जप्त केल्या. कोपनहेगनने १९९५ मध्ये वेगळी युक्ती केली: २० क्रोनरचे नाणे कुलपात टाकून सायकल न्यायची आणि ठरलेल्या जागी ती परत लावली की नाणे परत मिळायचे. मात्र सायकल कोणी नेली याची नोंदच नसल्याने चोऱ्या थांबल्या नाहीत. पुढे, १९९८ मध्ये, फ्रान्समधील रेन शहराने सायकल घेण्यासाठी कार्ड आणले आणि वापरणाऱ्याची ओळख नोंदली जाऊ लागली.

माझी अडचण इथेच आहे. नोंदणी सक्तीची केली, तर ज्यांच्याकडे बँकेचे कार्ड किंवा स्मार्टफोन नाही, म्हणजे ज्यांना मोफत सायकलीची सर्वाधिक गरज आहे, नेमके तेच बाहेर राहतात. अशांना सामावून घेऊनही चोरीला आळा घालणारी एखादी पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली किंवा चालवली आहे का?

आणखी एक शंका: उंचावरच्या स्थानकांवरून सायकली उताराने खाली येतात, पण चढावर त्या परत नेण्याची हौस फारशी कोणाला नसते. भाडेच नसताना त्या ट्रकने वर पोहोचवण्याचा खर्च, जाहिरातींचे उत्पन्न सोडल्यास, कशातून भागवता येतो?