बॅटरी देतो म्हणे, पण आधी साइटवरची तक्रार काढून टाका. काढू का?

कपाशीवाला (ता. आर्णी, जि. यवतमाळ)
राम राम मंडळी. चार्जिंगचा फवारणी पंप ऑनलाइन मागवला होता, १६ लिटरचा. अर्धी टाकी होत नाही तं बॅटरी दम सोडते. नोझलमधून फवारा उडाच्या जागी धार लागते अन् औषध पायावर गळते. इकडे कपाशीवर तुडतुडे. कंपनीचा फोन लागत नाही, लागला तं "नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला या". पंप खांद्यावर घेऊन यष्टीनं नागपूर?

मंग पुतण्यानं एका खासगी तक्रारीच्या साइटवर सगळं टाकलं, बिलाच्या फोटोसकट. लगेच त्या साइटचाच फोन. "काकाजी, थोडे पैसे भरा, तुमची तक्रार वर ढकलतो." पंप माझा बिघडला अन् पैसेही मीच भरू?

तिकडे कंपनीले आता जाग आली. नवी बॅटरी पाठवतो म्हणे, पण आधी तक्रार काढा. साइटवाले म्हणतात काढता येत नाही, कंपनीनं आमची वर्गणी भरली तं 'मिटली' असा शिक्का मारू. दोघंही मलेच बांधून राहिले. अन् तक्रार काढली तं उद्या दिग्रसचा कोणी हाच पंप घेईल, त्याले कसं कळंल?

वर्धेकर
दादा, बॅटरी देणं हे कंपनीचं कामच आहे, वॉरंटी आहे ना? त्यात तक्रार काढायची अट कशाची? साइटला एक रुपया देऊ नका. सरकारी ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं फुकटात नोंद होते. नाहीच ऐकलं तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत २ वर्षं. "शेतीधंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही" असं म्हणतील, तर घाबरू नका. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे.

मोबाईल_दुरुस्ती_पुसद
काकाजी, ते बिल पयले उतरवायला लावा! त्यावर तुमचा नंबर, पत्ता, ऑर्डर नंबर सगळं आहे. तेच पाहून चोर फोन करतात. "कस्टमर केअरमधून बोलतो, रिफंडसाठी हे ॲप टाका." ॲप टाकलं की खातं साफ. असे लोक माझ्या दुकानात रडत येतात. पैसे गेलेच तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० लावा.

बाकी दुकानदाराची बाजूही ऐका. माझ्या दुकानाबद्दल कोणीतरी अशाच साइटवर खोटं लिहिलं. उत्तर द्यायला गेलो तर म्हणे आधी वर्गणी भरा. खऱ्या-खोट्याशी त्यांना घेणंदेणं नाही, भांडण जितकं लांबेल तितकं त्यांचं दुकान चालते.

घाटंजीची_सून
मी तर काढून टाकली असती, काका. हंगाम कोणासाठी थांबते? दिग्रसवाल्याची काळजी कंपनीनं करावी.

कपाशीवाला
ताई, तुमचंही खरं हाये. पण काढत नाही. बॅटरी आली, एक टाकी पुरती फवारली, की खाली लिहीन: "बॅटरी भेटली, इतका वेळ लागला." कंपनीनं केलं तेही दिसू द्या. बिलाचा फोटो पुतण्या आजच उतरवते. वर्धेकर भाऊ, त्या १९१५ वर मराठीत बोलतात का? हिंदीत मले भांडता येत नाही.

वर्धेकर
बोलतात. बिल अन् ऑर्डर नंबर हाताशी ठेवून लावा.