हिवाळ्यातल्या शुभेच्छा : कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत?

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत ग्वाल्हेरात नाताळ, नववर्ष, लोहडी आणि तिळगूळ पाठोपाठ येतात. एकच मजकूर साऱ्यांना धाडण्याची सोय मोबाइलने करून दिल्यापासून तो कोणाला लागू पडतो, हा विचार मात्र मागे पडला आहे. लष्कर-मुरारच्या मराठी घरांचे शेजारी, सहकारी आणि आता व्याहीही निरनिराळ्या धर्मांचे आहेत. त्यांना शुभेच्छा देताना आपण काय निवडले आणि का, ते लिहावे. उपदेश नको, अनुभव हवेत.

निवृत्त बँक अधिकारी, लष्कर

आमच्या शाखेत केरळच्या ऑर्थोडॉक्स सीरियन पंथाच्या एक बाई होत्या. डिसेंबर लागला की शाखेत केक येऊ लागत आणि बाई आपला तुकडा न बोलता शेजारच्याच्या बशीत सरकवत. १ डिसेंबरपासून नाताळापर्यंत त्यांचा उपवास असे आणि त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य असे. हे त्यांच्याकडून ऐकल्यापासून मी ख्रिस्ती परिचितांना २५ तारखेच्या आधी शुभेच्छा देत नाही. उशीर झाला तर हरकत नाही, कारण पुष्कळ ख्रिस्ती घरांत नाताळचा काळ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत मानतात. घाई असते ती बाजाराला.

शिक्षिका, ठाटीपूर

माझी शीख मैत्रीण डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात कोणत्याच समारंभाला येत नाही. गुरू गोविंदसिंगांचे दोन थोरले पुत्र चमकौरच्या लढाईत पडले आणि धाकट्या दोघांना सरहिंदला भिंतीत चिणले, ते १७०४ च्या डिसेंबरातले हे दिवस. तिच्या घरी त्या आठवड्यात सगळे जमिनीवर निजतात. नाताळ आणि नववर्ष यांचा एकत्रित, फुग्याफटाक्यांचा संदेश नेमका त्याच वेळी तिच्याकडे जावा, हे मला रुचत नाही. मी लोहडीची, म्हणजे १३ जानेवारीची वाट पाहते. गुरूंचे प्रकाशपर्व, म्हणजे जन्मदिवसाचा सण, तिथीप्रमाणे मागेपुढे होते आणि कधी त्याच शोकाच्या दिवसांत येते. तेव्हा काय म्हणावे ते सरळ तिलाच विचारते.

गृहिणी, हजिरा

तानसेनाची समाधी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. डिसेंबरात तिथे तानसेन समारोह भरतो. पहिल्या सकाळी शहनाई, मग ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा आणि त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांचे गुणगान, असा परिपाठ आहे. त्यामुळे एकाच आवारात दोन धर्मांनी आपापल्या शब्दांत बोलणे आम्हाला नवे नाही.

शेजारचे कुटुंब शिया. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने त्यांचे सण ऋतूंमधून मागे सरकत राहतात. २००० साली रमजान ईद डिसेंबरअखेर आली होती, म्हणून शीरखुर्मा आणि नाताळचा केक एकाच आठवड्यात आमच्या घरी आले. २००९ मध्ये मात्र मोहरमची दहावी तारीख २८ डिसेंबरला होती. गावात नववर्षाची धामधूम चालली असताना शेजारी मजलिस, म्हणजे शोकसभा, होती. त्यांचा शोक पुढेही दोन महिन्यांहून अधिक चालतो, त्यामुळे संक्रांतही त्यातच आली. दरवर्षी मी वाटीभर तिळगूळ घेऊन जाते. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, ‘‘दुखवट्याच्या घरी ‘गोड बोला’ म्हणायचे नसते गं. गजकेचा डबा दे आणि घटकाभर बसून ये.’’ मुरैन्याची खस्ता, तीळगुळाची गजक होती, बोट लागताच पापुद्रे सुटावेत अशी. शेजारच्या आजींनी ती घेतली, चहा ठेवला आणि आम्ही थंडीबद्दल बोललो. त्या वर्षी हळदीकुंकवाला त्यांच्या घरच्या सुनेला बोलावणे धाडले नाही, आणि का धाडले नाही ते त्यांना सांगावे लागले नाही.

सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, सिटी सेंटर

मला वरील पद्धत मोठ्या कार्यालयात जमण्यासारखी वाटत नाही. आडनावावरून धर्म ओळखायचा आणि धर्मावरून संदेश ठरवायचा, हा प्रकार मला एकसुरी संदेशापेक्षा जास्त खटकतो. आमच्याकडे ख्रिस्ती आडनावाचा एक जण देव मानत नाही, आणि हिंदू नावाच्या एक सहकारी दर रविवारी चर्चला जातात. म्हणून गटात मी फक्त १ जानेवारीला लिहितो. बाकी शुभेच्छा ज्यांनी आपला सण स्वतःहून सांगितला, त्यांनाच.

पारशी कुटुंबाशी सोयरीक असलेले गृहस्थ, मुरार

आमच्या व्याह्यांचे मुख्य सण ऑगस्टात आणि २१ मार्चला. हिवाळ्यात त्यांना आम्ही फक्त तिळगूळ पाठवतो.

शिक्षिका, ठाटीपूर (पुन्हा)

सिटी सेंटरच्या दादांचे आडनावाबद्दलचे म्हणणे पटते. पण ‘स्वतःहून सांगितले तरच’ ही अट मला जाचक वाटते. जो संख्येने थोडा आहे, तो आपला सण सहसा सांगत नाही. मैत्रिणीच्या घरचा तो आठवडा मलाही तिने सांगितला नव्हता. तिच्या आईंनी सांगितला, तोही मी जेवायला गेले तेव्हा गाद्या गुंडाळून ठेवलेल्या पाहून विचारले म्हणून.