फुकट दुरुस्ती, आणि मिस्त्रीने काय खायचं?

आर्मेचर (धागा सुरू करणारा)

कालपासून एक पोस्ट आपल्याकडच्या सगळ्या गटांत फिरतेय. गेल्या रविवारी जळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळींनी भरवलेल्या दुरुस्ती मेळाव्याची. लिहिणाऱ्या ताई इथेच असतात, म्हणून तोंडावर बोलतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बंद मिक्सर नेला, अर्ध्या तासात चालू झाला, कोणी रुपया घेतला नाही, वर चहा पाजला. इथवर छान. पण शेवटची ओळ: "आता कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून लुटून घ्यायची गरज उरली नाही."

ही ओळ मी वडिलांना दाखवलेली नाही. त्यांनी भुसावळात बत्तीस वर्षं वाइंडिंग केलंय, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं काम.

मी स्वतः त्या मेळाव्याला गेलो होतो, तेव्हा ऐकीव बोलत नाही. दारात नाव लिहून घेतलं, वस्तूचा वजनकाट्यावर फोटो काढला (कशाला ते देव जाणे), सहा टेबलं. दोन टेबलांवर मावशी चेन बसवत होत्या, शिलाई मशीनचं टेन्शन लावत होत्या, तिथेच सगळ्यात जास्त गर्दी. बाकी टेबलांवर काय आलं? इस्त्रीची वायर मानेपाशी तुटलेली. मिक्सरचे कार्बन ब्रश झिजलेले. हळू फिरणारा पंखा, म्हणजे अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदला आणि टाळ्या घ्या. मग एक बाबा कूलरची जळालेली मोटर घेऊन आले. त्यांना काय सांगितलं? "याला वाइंडिंग लागेल, दुकानात दाखवा."

म्हणजे लोणी तुमचं, ताक आमचं. अहो, दुकान चालतं ते कपॅसिटर आणि ब्रशवर. पंख्याचं वाइंडिंग म्हणजे जुनी तार काढा, खाचे साफ करा, पेपर घाला, वेढे मोजत भरा, वॉर्निश करा, वाळवा. एवढं करून गिऱ्हाईक म्हणतं, चारशे? एवढ्यात थोडे घालून नवा येईल की. तांब्याचा भाव बघा जरा. ते काम आम्ही करतो, कारण दिवसात पाच सोपी कामं येतात आणि भाडं निघतं. ती सोपी कामं तुम्ही चहा पाजून फुकट करणार, आणि अवघड असेल तेव्हा आमचा पत्ता देणार. वर आम्ही लुटारू.

तापीकाठची

ती पोस्ट माझी. "लुटून" शब्द माझा, आणि तो मी मागे घेत नाही.

आता माझं ऐका. वैशाखातली गोष्ट, पारा पंचेचाळीसवर, घरात सासरे आजारी. कूलरचं पाणी चढेना. मिस्त्रीने पंपाला हातही न लावता सांगितलं, पंप गेला, साडेचारशे. दिले. पंधरा दिवसांनी नवाही बंद. परत तेच, पंप गेला. मेळाव्यात मिक्सरसोबत तो "गेलेला" पंप मी पिशवीत घालून नेला होता, पोस्टमध्ये लिहायचं राहिलं. तिथल्या मुलाने खालची जाळी काढली, आतली पाती बाहेर ओढली. पांढरा क्षार दगडासारखा बसलेला. बोअरचं पाणी, दुसरं काय. लिंबाच्या पाण्यात ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, बादलीत सोडला आणि पाण्याची धार माझ्या साडीवर. मला हे दहा मिनिटांत शिकवलं. आता जन्मात त्या पंपासाठी कोणाकडे जाणार नाही.

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण बत्तीस वर्षांत त्यांनी किती बायकांसमोर मोटर उघडून "बघा, हे असं बिघडलं" म्हणून दाखवलं? आम्हाला तर काउंटरच्या अलीकडे उभं करतात. "ताई, संध्याकाळी या."

धुळेकर_पाचकंदील

जळगावकरांना पंप साफ करायला मेळावा भरवावा लागतो हे वाचून ऊर भरून आला. आमच्याकडे याला रविवार म्हणतात.

निवृत्त_गार्ड

मी त्या मेळाव्यात स्वयंसेवक होतो, तिसऱ्या टेबलावर. जळालेल्या मोटरवाल्या बाबांना "दुकानात दाखवा" म्हणणारा मीच.

आधी वजनाचं. ही कल्पना आपली नाही. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा या बाईंनी पहिला असा मेळावा भरवला, पुढे देशोदेशी पसरला, बंगळुरात २०१५ पासून होतात. वजन यासाठी की किती किलो भंगारात जायचं वाचलं ते कळावं. मलाही आधी चेष्टाच वाटली होती.

दुसरं, आमचा नियम असा की वस्तू ठेवून जायचं नाही. मालकाने टेबलापाशी बसायचं, जमलं तर स्क्रू त्यानेच काढायचे. त्यामुळे वाइंडिंगसारखं दोन दिवसांचं काम तिथे होतच नाही, त्यात लोणी-ताक काही नाही. मायक्रोवेव्ह तर आम्ही उघडतच नाही. प्लग काढल्यावरही त्याचा कपॅसिटर माणूस मारू शकतो.

तिसरं, आमच्या टेबलावर अकरा वस्तू आल्या, सात चालू झाल्या. त्या सातपैकी पाच जणांना मी विचारलं, दुकानात का नाही नेली? एकच उत्तर: नेली होती, "एवढ्याशा कामाला हात लावत नाही, नवीन घ्या" म्हणाले. तुमचे वडील तसे नसतील, आर्मेचर. पण ज्या सोप्या कामांवर दुकान चालतं म्हणता, ती बाजारात आता घेतं कोण?

खापर

मुद्दा सगळ्यांनी सोडला आहे. मिक्सर मुळात का जळतात? कारण त्यात काळा मसाला काढतात! भाजलेलं खोबरं, खडा मसाला, वर कोरड्या मिरच्या, सगळं एकदम ठासून पाच-सात मिनिटं सलग. मोटर बिचारी काय करेल? तळातलं लाल बटण तीनदा उडतं, बाई तीनदा दाबते, चौथ्यांदा धूर. पाटा-वरवंटा होता तेव्हा कोणाचं काही जळलं नाही. आणि शेवभाजीला ती चवही आता उरलेली नाही. मिक्सरचा मसाला गरम होतो, तेल सोडतो, कडवट लागतो. पाट्यावरच्या रश्शाला तर्री यायची ती वेगळीच.

सूनबाई_चोपडा

तर्री यायची. कोणाच्या खांद्यातून यायची ते पण सांगा ना दादा.

माझी सासू पंचवीस माणसांचं वाटण पाट्यावर वाटायची. साठीत तिचा उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता, वेणी मी घालून द्यायची. पहिला मिक्सर आला तेव्हा तिने त्याला हळद-कुंकू लावलं होतं. चवीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एक किलो काळा मसाला वाटून त्याचा व्हिडिओ टाकावा. मग बोलू.

खापर

मी वाटतो! वर्षातून दोनदा, स्वतः. आणि मी कोणाला "वाटा" म्हटलं का? मिक्सर थांबवत थांबवत चालवा एवढंच म्हणतोय.

सूनबाई_चोपडा

वर्षातून दोनदा. अभिनंदन.

बामणोदचं_वांगं

भरीत मात्र मिक्सरमधून काढणाऱ्याला तालुक्याबाहेर काढावं, यावर तरी एकमत असावं. काड्यांवर भाजा, लाकडाच्या बडगीत कुटा. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो काय त्याची पेस्ट करायला?

धुळेकर_पाचकंदील

जीआय वांग्याला मिळाला, तुम्हाला नाही.

रावेर_केळीवाला

मिक्सर, मसाला राहू द्या. आमच्याकडे मोटरी जळतात त्या कमी दाबाने. रात्रीची थ्री फेज येते तेव्हा सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम चालू, व्होल्टेज पडतं, मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग उकळतं. एका हंगामात दोनदा वाइंडिंग केलंय, केळी उन्हात उभी आणि मी वाइंडिंगवाल्याच्या ओट्यावर रात्री अडीचपर्यंत बसलेलो. त्या माणसाने चहा पण स्वतःच पाजला आणि पहाटे मोटर दिली. ताई, त्याला लुटारू म्हणाल तर माझं तुमचं जमणार नाही. मेळाव्यात पाच एचपीची सबमर्सिबल आणू का? वजन कराल?

निवृत्त_गार्ड

काटा पंचवीस किलोचाच आहे.

पीसीबी

मी मोबाईल आणि बोर्ड दुरुस्त करतो, वय सव्वीस, म्हणून मला दोन्ही बाजू हास्यास्पद वाटतात. तुम्ही ब्रश आणि कपॅसिटरवर भांडताय, तिकडे वस्तू उघडताच येणार नाही अशा बनायला लागल्या. नवे कमी विजेचे पंखे बघा. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, हा तीसच्या आसपास, बिल वाचतं, खरंय. पण बोर्ड गेला तर? काही कंपन्या त्यावर रेझिन ओततात, पार्ट शोधायचा तर आधी दगड फोडा. कंपनी म्हणते अख्खा बोर्ड घ्या, आणि बोर्ड येतो तीन आठवड्यांनी. जळगावच्या मे महिन्यात तीन आठवडे! एलईडी बल्ब तसाच. आत ओळीने जोडलेल्या चिपांपैकी एक जळली की सगळा बल्ब बंद, चिप दोन रुपयांची, पण वरचा डोम काढायला गेलं की निम्म्या वेळा फुटतो.

सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मी आनंदाने उघडलं. बहुतेक ठिकाणी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरचा नंबर. माझ्यासारख्याला सर्किटचा नकाशा कोण देतो? कोणी नाही. तेव्हा आर्मेचरभाऊ, तुमच्या वडिलांचं गिऱ्हाईक मेळाव्याने नेलेलं नाही. "जुना द्या, नवा न्या" या पाटीने नेलं.

आर्मेचर

पाटीचं पटतं. वडील पण तेच म्हणतात, फक्त त्यांचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

पण गार्डसाहेब, सुरक्षेचं काय? मी बघितलं, एका टेबलावर कॉलेजचा पोरगा दुरुस्त इस्त्री थेट बोर्डात लावत होता. मिक्सरला प्लास्टिकची बॉडी तरी असते, इस्त्री अख्खी लोखंडाची. अर्थिंग तुटलं असेल तर? आमच्या दुकानात पहिल्या दिवसापासून सिरीज बोर्ड आहे. शंभरचा साधा बल्ब मध्ये घालायचा. वस्तू शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही. आणि बॉडी वेगळी तपासायची. हे कोणी शिकवलं त्या पोराला?

निवृत्त_गार्ड

नाही शिकवलं. हे खरं आहे. सिरीज बोर्ड माझ्या टेबलावर होता, त्याच्या नव्हता. तुम्ही तिथेच का नाही बोललात?

आर्मेचर

बोललो असतो तर म्हणाले असते, दुकानदार जळतोय.

तापीकाठची

म्हणाले असते. मीच म्हणाले असते, खोटं कशाला बोलू.

पण मग मला सांगा, हे सिरीज बोर्डचं तुम्ही आत्ता चार ओळींत सांगितलंत आणि मला समजलं. एवढंच मागत होते हो मी त्या पंपवाल्याकडे. साडेचारशे घ्या, पण दाखवा.

आर्मेचर

दाखवायला वेळ लागतो ताई. पंप उघडून दाखवायला दहा मिनिटं, मग तुम्ही विचारणार हे काय, ते काय, आणखी दहा. तेवढ्यात मागे तीन गिऱ्हाइकं उभी. आणि दाखवलं की लोक म्हणतात, "एवढंच होतं? मग दीडशे कशाचे?" ते एवढंच कुठे आहे हे कळायला बत्तीस वर्षं लागली त्याचे, असं म्हटलं की परत आम्हीच उद्धट.

सूनबाई_चोपडा

हे मात्र आम्हाला पाठ आहे. "पुरणपोळीच तर होती, त्यात एवढं काय?" खापरावर मांडा टाकून बघा म्हणावं एकदा.

रावेर_केळीवाला

तुम्हनं म्हननं खरं शे ताई. पण धागा पंख्यावरून पोळीवर गेला.

धुळेकर_पाचकंदील

जळगावचा धागा आहे, खाण्यावर जाणारच. काम कुठे असतं तिथे.

निवृत्त_गार्ड

आर्मेचर, सरळ विचारतो. पुढच्या मेळाव्यात वडील एक टेबल घेतील का? फुकट नको. जी वस्तू तिथे होणार नाही ती लोक त्यांच्याकडे देतील, पैसे त्यांच्या दुकानाच्या दराने. आणि आधी अर्धा तास त्यांनी आमच्या पोरांना सिरीज बोर्ड लावायला शिकवावं. दर लिहिलेली पाटी मी स्वतः रंगवतो.

आर्मेचर

विचारलं. फोनवरच होते.

आधी म्हणाले, रविवारी दुकान बंद असतं ते झोपायला. मग म्हणाले, किती पोरं असतात? मग म्हणाले, त्या पोरांना सांग, इस्त्रीची वायर नुसती पिळून टेप मारू नका, थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) टाका, नाहीतर महिन्यात तिथेच जळेल. त्यांना कसं कळलं तिथे टेप मारली ते? मी सांगितलं नव्हतं. हा होकार धरायचा की नाही तुम्ही ठरवा. टेबल खिडकीजवळ हवं म्हणाले, डोळ्यांना कमी दिसतं आता.

आणि ती कूलरची मोटर दुकानात घेऊन या म्हणाले. साडेतीनशे. कमी होणार नाहीत.

तापीकाठची

पोस्ट दुरुस्त करते. "कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून" ऐवजी "माझ्या कोपऱ्यावरच्या त्या एका मिस्त्रीकडून". "लुटून" तसाच राहील. साडेचारशे गुणिले दोन.

पीसीबी

नऊशेत दोन नवे पंप आणि बारा लिंबं आली असती.

खापर

ते सगळं झालं असेल तर एक विचारतो. माझा पाटा गुळगुळीत झालाय, मसाला धरत नाही. पूर्वी गल्लीत टाकी लावणाऱ्या बाया यायच्या, छिन्नी-हातोडी घेऊन दारात बसायच्या आणि अर्ध्या तासात पाटा टाकवून द्यायच्या. चार वर्षांत एकही दिसलेली नाही. अमळनेर-पारोळ्याकडे कोणाला माहीत आहे का? मेळाव्यात त्याचं टेबल नव्हतं.

सूनबाई_चोपडा

माहीत आहे एक. पण आधी व्हिडिओ.