व्यायामातल्या कॅलरी परत खाव्यात का?
व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी त्याच दिवशी खाऊन भरून काढाव्यात की नाही, या वरील प्रश्नाचे उत्तर रोजचे कॅलरींचे उद्दिष्ट कसे काढले आहे यावर बरेचसे अवलंबून आहे. मूळ चयापचयाच्या आकड्याला (म्हणजे पूर्ण विश्रांतीत शरीर दिवसभरात खर्च करते त्या कॅलरींना) मध्यम सक्रिय जीवनशैलीच्या १.५५ सारख्या गुणकाने गुणले असेल, तर आठवड्याचा व्यायाम त्यात आधीच धरलेला असतो आणि तो पुन्हा खाणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा धरणे होय. बैठ्या जीवनशैलीचा १.२ हा गुणक घेतला असेल, तरच भर घालण्याचा विचार करावा.

तेव्हाही यंत्रावरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. ट्रेडमिल बहुधा एकूण खर्च दाखवते; ७० किलो वजनाची व्यक्ती तासभर झपझप चालून साधारण ३०० कॅलरी खर्च करते खरी, पण त्यांतील सुमारे ७० कॅलरी नुसते बसूनही खर्च झाल्याच असत्या. मनगटी उपकरणांचे तर विचारूच नका: स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सात उपकरणांपैकी सर्वांत अचूक उपकरणही कॅलरींच्या बाबतीत सरासरी २७ टक्क्यांनी चुकले होते.

त्यामुळे हलक्या व्यायामाची भरपाई करूच नये, आणि दीर्घ पल्ल्याच्या धावण्यासारख्या दिवशी दाखवलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तीन-चार आठवड्यांत वजन अपेक्षेपेक्षा वेगाने उतरून थकवा जाणवू लागला, तर हे प्रमाण वाढवावे. वजन हललेच नाही, तर सर्वप्रथम याच भरपाईला कात्री लावावी.